मॅडमने तलवार उचलावी का?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून सारांश देतेय.)

"वय 37. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. घरी नवरा, सासूबाई आणि 9 वर्षांची मुलगी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी जळगावजवळ एका मळ्यात लार्पचा क्लब सुरू केलाय. म्हणजे वेशभूषा करायची, फोमच्या तलवारी घ्यायच्या आणि दिवसभर एखाद्या काल्पनिक राज्यातलं पात्र होऊन खेळायचं. महिन्यातून एक रविवार असतो. मला बोलावलंय आणि मला जायचंय, लहानपणापासून राजा-राक्षस-चेटकिणीच्या गोष्टींचं वेड आहे. नवरा म्हणतो वय बघ, आणि कुणी रील टाकली तर? (तो स्वतः दर रविवारी सकाळी टेनिस बॉल क्रिकेटला जातो.) सासूबाईंना 'ट्रेनिंग आहे' सांगून जावं असं डोक्यात आहे. मुलं हसतील का, कॉलेजात शोभेल का, आणि हे संसारापासून पळणं तर नाही ना, असं वाटत राहतं. पण तिथे दिवसभर मला कुणी मॅडम म्हणणार नाही, या विचारानेच बरं वाटतं. जाऊ का?"

ताई, मॅडम म्हणायचं मुद्दाम टाळलंय.

तुमच्या पत्रात "शोभेल का" फिरून फिरून येतं आणि मला तोच प्रश्न सगळ्यात बिनकामाचा वाटला, कारण ज्याला विचाराल तो आपापलं उत्तर देणार. मला विचाराल तर शोभेल. गल्लीतल्या काकूंना विचाराल तर नाही शोभणार, पण त्यांना बायकांनी स्कूटी चालवलेली पण शोभत नव्हती आणि आता त्यांचीच सून त्यांना स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेते. त्यामुळे ते राहू द्या. मला दुसऱ्याच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे हा क्लब नेमका कसा चालतो, नियम काय, याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही. आणि दुसरं, घरी खोटं बोलायचं तुमचं जवळजवळ ठरलेलंच आहे.

वयाचं आधी उरकते. हे काही काल-परवा मोबाईलमधून आलेलं पोरांचं फॅड नाहीये. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ अमेरिकेत 1974 ला आला, 1977 मध्ये तिकडेच डॅगोरहिर नावाचा फोमच्या शस्त्रांचा खेळ सुरू झाला, आणि 1982 मध्ये इंग्लंडात चेशायरच्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेजर ट्रॅप म्हणून खेळ भरायला लागला, खऱ्या किल्ल्यात, खरे जिने खरे तळघर वगैरे. तेव्हा जे विशीत होते ते आज साठीच्या पुढे गेलेत. जर्मनीत आता उन्हाळ्यात हजारो लोक तंबू ठोकून चार-पाच दिवस असले खेळ खेळतात आणि त्यात पिकलेल्या दाढ्या भरपूर दिसतात. 37 म्हणजे त्यांच्यात तुम्ही पोरच.

आणि नवरोबांचं म्हणाल तर, पाठीवर कोहलीचा 18 नंबर टाकून रविवारी सकाळी मैदानात उतरणारा चाळिशीतला माणूस नेमकं काय करत असतो? (तुमच्या मिस्टरांचा नंबर कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे.) हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका, भांडण होईल. फक्त स्वतःच्या मनात ठेवा, म्हणजे "वय बघ" ऐकलं की आतून जे आकसायला होतं ते होणार नाही.

"हे आपल्याकडचं नाही" असंही तुम्ही पत्रात एका ठिकाणी म्हटलंय. तलवारीवाल्या क्लबचं म्हणाल तर बरोबर, ते बाहेरून आलंय. पण मोठ्या माणसांनी वेष घेऊन दुसरं कुणीतरी व्हायचं हे आपल्याला नवीन नाही ना. साक्री, बागलाणकडच्या गावांत भोवाडा होतो, रात्र रात्र चालतो, डोक्यावर जड मुखवटा बांधून शेतकरी माणूस गणपती होतो, नरसिंह होतो, रावण होतो, आणि सकाळी तोच माणूस डेअरीला दूध घालायला येतो. त्याला कुणी विचारत नाही की तुझं वय काय. आता यात एक फरक आहे आणि तो मी लपवणार नाही, भोवाड्यात देवाचं सोंग असतं, त्यामागे श्रद्धा आहे, नवस आहेत, मान कुणाचा ते ठरलेलं आहे. तुमचा क्लब म्हणजे निव्वळ मजा. म्हणून हे उदाहरण मनाशी ठेवा पण सासूबाईंना "तुम्ही नाही का कानबाईच्या मिरवणुकीत नाचत" असं चुकूनही म्हणू नका. देवाचं नाचणं आणि पोरांचा खेळ एका मापाने मोजला की त्या जन्मभर विसरणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

आता मुख्य गोष्ट, क्लब.

पहिल्या वेळी खेळायला जाऊ नका, नुसतं बघायला जा. कपडे नाही, पात्र नाही, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन बांधावर बसायचं. आणि बघायचं काय, तर कोण भारी लढतं, कुणाचे डायलॉग कसे, ते नाही. खेळ थांबतो कसा ते बघायचं. मी असा एक खेळ बघायला गेले होते, थंडीचे दिवस होते, हरभऱ्याचं शेत नुकतंच रिकामं झालेलं. एक पोरगा राजा झालेला, आईचा जुना शालू खांद्यावरून सोडलेला, तो तावातावाने शिक्षा सुनावत होता आणि मागे दोघींचं द्वंद्व चाललेलं. त्यातल्या एकीचा चष्मा पडला. कुणीतरी "होल्ड" ओरडलं आणि दुसऱ्या क्षणाला सगळे जिथल्या तिथे एका गुडघ्यावर खाली, राजा पण, अर्ध्या वाक्यात. चष्मा ढेकळात सापडला, तिने पुसला, घातला, तिला विचारलं "ठीक ना?", तिने मान हलवली, आणि मगच राजाने "...आणि तुझं मुंडकं वेशीवर टांगलं जाईल" हे पुढचं अर्धं वाक्य पूर्ण केलं. मला त्या क्लबची खात्री तिथेच पटली. चिडलेला, जिंकत आलेला, जोशात असलेला माणूस एका शब्दावर थांबतो का, यावर सगळं आहे. "होल्ड" ओरडल्यावरही जो आणखी एक फटका मारून घेतो, आणि बाकीचे हसून सोडून देतात, असा क्लब असेल तर बांधावरूनच परत या, तुमचे विद्यार्थी असले तरी.

शस्त्रं हातात घेऊन बघा. घरगुती तलवार म्हणजे आत पीव्हीसीचा पाईप नाहीतर फायबरची काठी, भोवती फोम, वरून कापड किंवा टेप. आपल्या जळगावात पाईप आणि चटयांचे कारखाने असल्यावर या मालाला तोटा नाही, ऑनलाईन हजारो रुपयांची परदेशी लॅटेक्सची तलवार अजिबात मागवू नका, आपल्या उन्हात लॅटेक्स तडकतं, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तर संपलीच. तलवारीचं टोक अंगठ्याने दाबायचं, आतला पाईप हाताला लागला तर ती तलवार बाद. स्वतःच्या मांडीवर एक फटका मारून घ्यायचा, आवाज झाला पाहिजे पण चुरचुरायला नको. चांगल्या क्लबात प्रत्येक खेळाआधी कुणीतरी एक जण सगळी शस्त्रं अशी तपासतो, आणि डोकं, मान, पोटाखाली मारायचं नाही, हात आखडून मारायचं, हे दर वेळी नव्याने सांगतो, जुन्यांनाही. बायका असतील तर छातीवर पण नाही. हे सांगताना कुणी खिदळत असेल तर लक्षात ठेवा कोण ते.

आणि घरातली लग्नात मिरवायची खरी तलवार "फक्त फोटोपुरती" घेऊन येणारा एक महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो आला की तुम्ही निघायचं. शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि फोटोपुरता असा त्यात काही प्रकार नाही. खोट्या तलवारींचं पण भान ठेवा, चंदेरी टेप लावलेली फोमची तलवार एसटीच्या खिडकीतून डोकावली तर लांबून ती खरीच वाटते, म्हणून प्रवासात पिशवीत बांधून. सणवार, मोर्चे, निवडणुका असल्या की आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, लाठ्याकाठ्या बाळगायच्या नाहीत, पाच जणांनी जमायचं नाही असे. त्या दिवसांत खेळ ठेवायचाच नाही, आणि एरवीही जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज देऊन ठेवायला क्लबला सांगा. नाहीतर बांधावरून जाणारा कुणीतरी फोन लावणार की मळ्यात दोन गटांत हाणामारी चालूये.

जागेवरून आठवलं. मळा कुणाचा आहे, मालकाला नीट माहितीये का, हे विचारा. केळीच्या बागेत खेळ ठेवायची कल्पना प्रत्येक नव्या पोराला सुचते कारण ते जंगल वाटतं, पण एकतर केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, आणि दुसरं म्हणजे पळताना ठिबकच्या नळ्या तुडवल्या जातात, मग मालक जी काठी घेऊन येतो ती फोमची नसते. किल्ल्यावर करू म्हणतील, लळिंगला, पारोळ्याला. परवानगी काढल्याशिवाय नको. यावल अभयारण्यात तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊलच नको. आणि खेळायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मे मध्ये पारा 45 च्या वर जातो, त्यात फोमचं चिलखत घालून पळणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, कितीही जोश असला तरी उन्हाळ्यातला खेळ पहाटे किंवा नाहीच.

बायकांसाठी म्हणून काही गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. तिथे टॉयलेट आहे का, कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का. तुमच्याशिवाय आणखी बायका-मुली किती. काचेच्या बांगड्या घालून खेळायचं नाही, फुटून हातात घुसतात, पैंजण अडकतात, ओढणी नकोच. मंगळसूत्र आत घालून पिन करायचं की घरी डब्यात ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही, पण लोंबकळतं ठेवून लढू नका. चष्म्याला मागून पट्टा. कैद करणं, ओढत नेणं असले प्रसंग गोष्टीत येतात, तर अंगाला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं हा नियम आहे का, आणि "मला हे नको" म्हटलं तर कारण द्यावं लागतं का? कारण द्यावं लागत असेल तर तो नियम नाही. रात्रीचे खेळ पहिलं वर्षभर नकोच.

आता तुमचे विद्यार्थी. ते हसतील का? पहिली दहा मिनिटं हसतील. तुम्ही पण हसाल, कारण ज्या पोराला तुम्ही ओरल परीक्षेत घाम फोडला होता तो तुमच्यासमोर गुडघे टेकून "महाराणी, अभय द्या" म्हणणार. ते चालतं. मला काळजी वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंय की क्लबात बारावीतली एक-दोन मुलं पण येतात, आणि ती तुमच्याच कॉलेजची. एक मॅडम तिथे आहेत म्हटल्यावर सगळे पालक निर्धास्त होणार, "मॅडम आहेत ना, मग जा", आणि बघता बघता तुम्ही खेळाडू न राहता सहलीवर पोरं घेऊन आलेल्या बाई होणार. पाणी प्यायलात का, टोपी कुठेय, घरी फोन केला का. कुणाला लागलं तर पहिला फोन प्राचार्यांना आणि दुसरा तुम्हाला. म्हणून आत जायच्या आधी क्लबशी बोलून घ्या, आत्ता शिकत असलेली आपल्या कॉलेजची मुलं असतील त्या खेळात मी येणार नाही, आणि 18 च्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती क्लबने स्वतः घ्यायची, माझ्या नावावर नाही. प्राचार्यांना पण एकदा सहज सांगून ठेवा, सर, रविवारी असा असा छंद आहे. आधी सांगितलेल्या गोष्टीची चर्चा दोन दिवस होते, नंतर कळलेल्या गोष्टीची दोन वर्षं.

हेच घरी पण. "ट्रेनिंग आहे" हे खोटं तालुक्याच्या गावात किती दिवस टिकेल असं वाटतं? जळगावच्या प्रत्येक गाडीत आपल्या गल्लीतलं कुणीतरी असतं, आणि तुमच्या हातात साडेतीन फुटांची गुंडाळलेली पिशवी. शिवाय खोटं बोललात की तो खेळ उगीचच मोठा होतो, साधा छंद राहत नाही, भानगड होते, आणि मग ज्या दिवशी कळेल त्या दिवशी सासूबाई तलवारीबद्दल विचारणार नाहीत, त्या विचारतील की आणखी काय काय लपवलंस. त्यांना सरळ सांगा, नाटकासारखा खेळ आहे, माझेच जुने विद्यार्थी आहेत, तलवारी स्पंजच्या आहेत, पाचच्या गाडीने परत. एक तलवार आणून दाखवा, हातात द्या. "येडी व्हयनी का काय ही" असं त्या म्हणतील. म्हणू द्या. येडी म्हणणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, हे त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल.

मिस्टरांचं रीलबद्दलचं म्हणणं मात्र मी धुडकावणार नाही, ती भीती खरी आहे. फोनचा नियम विचारा. चांगला क्लब खेळताना फोन पिशवीत ठेवायला लावतो, फोटो फक्त शेवटी आणि ज्याला चालेल त्याचेच. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगून टाका, माझा चेहरा कुठेही टाकायचा नाही, ग्रुपवर पण नाही. एवढं करून कुणी टाकलाच तर? तर लोक बघतील की एक बाई अंगरखा घालून पळतेय. दोन-चार जण "ही बाई काय करी ऱ्हायनी भो" लिहितील. हे सहन होईल का याचा विचार आधीच करून ठेवा, कारण शंभर टक्के हमी कुणीच देऊ शकत नाही. होणार नसेल तर मुखवट्याचं पात्र घ्या. आणि त्यांना महिन्यातला तो एक रविवार मुलीला सांभाळायला सांगा, विनंतीच्या सुरात नको, तुमचे तीन रविवार माझा एक, असं हिशेबाने.

पळवाटीचं राहिलं. ताई, संध्याकाळी दोन तास सिरियल बघणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही, मग महिन्यातला एक रविवार कुठून पळवाट झाली. पण तुमचं ते वाक्य, दिवसभर कुणी मॅडम म्हणणार नाही, ते मी परत परत वाचलं. मला वाटतं तुम्हाला तलवार थोडी आणि ते जास्त हवंय. ते मागणं अगदी रास्त आहे, फक्त जिथे निम्मे जण तुमचे विद्यार्थी आहेत तिथेच ते मिळणं अवघड आहे हे लक्षात येतंय का? त्यांच्या तोंडून सवयीने मॅडम येणारच. त्यांना सांगा, मळ्याच्या फाटकाच्या आत पात्राचं नाव, जो चुकेल त्याने सगळ्यांना चहा. आणि तरीही सहा महिन्यांनी तुम्ही तिथे मॅडमच राहिलात तर अनोळखी लोकांचा, बाहेरगावचा एखादा खेळ शोधा, किंवा मग दुसरंच काही.

खेळून आल्यावर एक-दोन दिवस मन थोडं हलल्यासारखं होतं, पात्राचा राग, रडू आपल्या अंगात उरतं. हे जुन्या खेळाडूंना चांगलं माहिती असतं, म्हणून खेळ संपल्यावर गोल करून बसतात, पात्र बाजूला ठेवून कुणाला काय वाटलं ते बोलतात. तुमचा क्लब हे करत नसेल तर सुरू करायला लावा, पोह्यांबरोबर पंधरा मिनिटं पुरतात. आणि प्रत्येक वेळी रविवारी रात्री घरी यायला नको वाटायला लागलं, तर मात्र मला परत लिहा, तेव्हा आपण खेळाबद्दल नाही, घराबद्दल बोलू.

बघून आलात, पटलं, तर पहिल्या खेळाला महाराणी होऊ नका. राक्षस व्हा. म्हणजे आयोजकांच्या टोळीत जा, त्यांच्याकडे दर वेळी माणसं कमीच असतात. राक्षसाला गोष्ट पाठ करावी लागत नाही, झुडपातून यायचं, दोन फटके खायचे, मरायचं, डोक्यावर हात ठेवून बाजूला जायचं आणि पाच मिनिटांनी दुसरा राक्षस होऊन परत यायचं. एका दिवसात नियम अंगात मुरतात आणि कुणाला तुमच्या अभिनयाची पर्वा नसते. लढायचं नसेल तर चेटकीण व्हा, मंत्र म्हणून फेकायला कापडाच्या छोट्या पुरचुंड्या असतात, तिकडे त्यात पक्ष्यांचे दाणे भरतात, आपल्याकडे बाजरी भरा, लागत नाही आणि फुटली तर चिमण्या खातात.

मुलगी "मी पण येते" म्हणून मागे लागणार हे धरून चाला. पहिल्या काही वेळा नेऊ नका, तिच्यामागे फिरण्यातच तुमचा दिवस जाईल. उरलेल्या पाईपातून तिला एक छोटी तलवार करून द्या, आणि आजीला मारायचं नाही एवढा नियम घाला. आजीने मारलं तर चालेल.